ताटातली कोशिंबीर आणि एमआरआयचं बिल

काकांना लकव्याचा झटका येऊन तीन आठवडे झाले होते, घरी आणून पाच दिवस. काकूंचा फोन आला. "अगं, ह्यांच्या तोंडाची चव गेलीय बघ. कोशिंबीर तशीच, चटणी तशीच, लिंबाच्या फोडीला बोट लावत नाहीत. लसणीच्या चटणीशिवाय ज्या माणसाने कधी घास उचलला नाही, तो!" भूक वाढवायचं सिरप सुरूही झालं होतं. शनिवारी साताऱ्याला गेले आणि जेवताना मुद्दाम काकांच्या समोर बसले. भाजी संपली, आमटीची वाटी रिकामी झाली. भाताची मूद मात्र सुरीने कापावी तशी मधोमध उभी होती. उजवा अर्धा फस्त, डावा अर्धा जसाच्या तसा. काका वर बघून म्हणाले, "एवढंच केलंय आज?" मी ताट उचलून अर्धं फिरवलं. काका खूश. "कोशिंबीर आत्ता वाढलीस होय गं!"

आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे. ही मांडणी इतकी पक्की आहे की काकांचा आजार दिवसातून दोनदा आमच्या डोळ्यांसमोर वाढला जात होता आणि आम्ही चवीला दोष देत होतो. तोवर मेंदूचे दोन एमआरआय झाले होते. पहिला गरजेचा होता. दुसरा "लक्ष कुठे लागत नाही, एकदा बघून घेऊ" म्हणून काढलेला, आठ हजार रुपयांचा. त्याच्या रिपोर्टात पहिल्याच जखमेचं वर्णन होतं. जखम आता जुनी होत चालली आहे, एवढीच काय ती नवी बातमी. त्या आठ हजारांत काय काय झालं असतं याचा हिशेब मी नंतर मांडला. ज्यांच्या घरी हा प्रसंग आला आहे त्यांच्यासाठी तो इथे देते आहे.

डोळा शाबूत, बाजू गायब

या अवस्थेला डॉक्टर निग्लेक्ट म्हणतात. मराठीत एका बाजूचं दुर्लक्ष म्हणता येईल, पण दुर्लक्ष या शब्दात मुद्दाम केल्याचा वास येतो आणि घरात भांडणं लागतात ती तिथूनच. बहुतेक वेळा मेंदूच्या उजव्या भागाला इजा होते आणि जगाची डावी बाजू रुग्णाच्या हिशेबातून वजा होते. डोळा ठीक असतो, चित्र आत पोचतं, पण तिकडे वळायला हवं ही हाकच उठत नाही. अर्धीच दाढी होते. गोळ्यांच्या पाकिटातली उजवी ओळ संपते आणि डावी राहते. महाराष्ट्र हा शब्द राष्ट्र असा वाचला जातो. आकड्यांचंही तेच. ४८,५०० रुपयांचं बिल ८,५०० वाचून "बरं झालं, स्वस्तात सुटलो" म्हणणारा माणूस थट्टा करत नसतो. म्हणून एक सूचना आधीच करते. अशा रुग्णाकडून चेकवर सही, मोबाइलवरून पैसे पाठवणं, मुदत ठेवीचा फॉर्म यांतलं काहीही एकट्याने होऊ देऊ नका.

प्रकरण डोळ्यांच्या पलीकडचं आहे, हे दाखवणारा इटलीतला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९७८ मध्ये बिसियाक आणि लुझाती यांनी मिलानच्या रुग्णांना सांगितलं, डोळ्यांसमोर शहरातला कॅथेड्रलचा चौक आणा आणि काय काय दिसतं ते सांगा. चर्चकडे तोंड करून उभं असल्याची कल्पना केली की रुग्ण फक्त उजवीकडच्या इमारती सांगत. मग कल्पनेतच चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन उलट्या दिशेने पाहायला सांगितलं, तर आधी गाळलेल्या इमारती भराभर सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गाळल्या. म्हणजे आठवणीतल्या चौकाचीही डावी बाजू जाते. रुग्णाला याची जाणीव नसते, आणि पैशांच्या दृष्टीने हेच सगळ्यात महाग पडतं. लंगडणारा माणूस तक्रार करतो, काका कधीच करणार नव्हते. तक्रार नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून फिजिओथेरपीचे तासच्या तास वाया. ज्या हातापायाकडे रुग्णाचं लक्षच जात नाही त्यांना कसरत शिकवणं म्हणजे बंद दारावर थाप मारत राहणं.

चित्रांचा खर्च: कोणतं हवं, कोणतं नको

दर शहरागणिक बदलतात. पुढचे आकडे महाराष्ट्रातल्या खासगी केंद्रांचे साधारण अंदाज आहेत. मुंबई-पुणे वरच्या टोकाला आणि जिल्ह्याची गावं खालच्या, असं धरून वाचा.

पहिल्या काही तासांतला सीटी स्कॅन, दीड ते साडेतीन हजार. यात घासाघीस नाही, चार केंद्रांना फोन नाही. मेंदूत रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय हे त्यावरून कळतं आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ झटका आल्यापासून साडेचार तासांपर्यंत असते. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर नळी घालून गुठळी ओढून काढता येते. निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही ते शक्य असतं, मात्र मेंदूचा किती भाग अजून वाचण्याजोगा आहे हे आधी चित्रात दिसावं लागतं. बंद वाहिनी शोधायला रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ लागतो, सहा ते बारा हजारांचा. चित्रांवरचा हा खर्च खऱ्या अर्थाने वसूल होतो.

इथे उजव्या मेंदूच्या रुग्णावर एक अन्याय होतो. झटक्याची तीव्रता मोजायची जगभर वापरली जाणारी जी ४२ गुणांची पट्टी आहे, तिच्यात भाषेशी निगडित सात गुण आहेत आणि निग्लेक्टला जेमतेम दोन. डाव्या मेंदूला मार बसला की वाचा जाते आणि घर हादरतं. उजव्याला बसला की माणूस गप्पा मारत असतो, "मला काही झालं नाही" म्हणत असतो. घरचेही विश्वास ठेवतात आणि वेळ निघून जातो. तेव्हा बोलणं चांगलं आहे यावर जाऊ नका. माणूस एकाच बाजूला मान वळवून बोलतोय का, ते बघा.

साधा एमआरआय, पाच ते दहा हजार. झटक्यानंतर एकदा तो बहुधा होतोच आणि व्हावाही. ताजी जखम त्यात सीटीपेक्षा कितीतरी लवकर आणि स्वच्छ दिसते. रिपोर्टमध्ये उजवीकडची एमसीए ही रक्तवाहिनी, पॅरायटल भाग, टेम्पोरल भाग किंवा थॅलॅमस यांचा उल्लेख असेल, तर तुम्हीच डॉक्टरांना विचारा, "निग्लेक्ट तपासलं का?" रिपोर्टचा आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा उपयोग हाच. डाय टोचून एमआरआय सुचवला तर दोन-तीन हजार वाढतात आणि आधी किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्तचाचणी लागते. गाठ किंवा संसर्गाची शंका नसेल तर डाय कशासाठी, हे विचारायला संकोच करू नका. १.५ टेस्ला की ३ टेस्ला, यावरूनही दर फिरतात. झटक्याची जखम पाहायला १.५ चं यंत्र पुरतं.

आता फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते दाखवणारं रंगीत चित्र. दहा ते वीस हजार. त्याच्या जोडीला मज्जातंतूंच्या जुड्या दाखवणारं डीटीआय. चित्र इतकं देखणं असतं की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. निग्लेक्ट समजून घेण्यात या यंत्रांचं काम खरोखर मोठं आहे, ते कमी लेखू नये. आधी संशोधकांचा वाद होता तो नेमक्या जागेचा. कार्नाथ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये टेम्पोरल भागाच्या वरच्या घडीकडे बोट दाखवलं, तर २००३ मध्ये लंडनच्या एका गटाने पॅरायटल भागातल्या अँग्युलर गायरसकडे. २००५ मध्ये पॅरिसच्या गटाने शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाग्या असलेल्या दोन रुग्णांच्या मेंदूत वेगवेगळ्या जागी हलका विद्युतस्पर्श केला आणि रेघेचा मध्य दाखवताना रुग्ण उजवीकडे सरकले, खोलवरच्या जोडतारांना स्पर्श झाला तेव्हा सर्वांत जास्त. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसच्या मॉरिझिओ कॉर्बेटा यांच्या गटाने फंक्शनल एमआरआयने दाखवलं की जखम उजव्या खालच्या भागात असली तरी लक्ष वळवणाऱ्या वरच्या, धडधाकट भागांचाही तोल ढळलेला असतो, आणि रुग्ण सुधारतो तसा तो तोल परत येऊ लागतो. घरात एक फ्यूज उडावा आणि दुसऱ्याच खोलीतले दिवे मंद व्हावेत, तसं. पुनर्वसनाच्या कल्पनेला हा शोध बळ देतो. जखम भरत नाही, पण जाळ्याचा तोल सावरता येतो.

पण हे सगळं अनेक रुग्णांची चित्रं एकत्र ठेवून काढलेलं ज्ञान. तुमच्या एका रुग्णाच्या फंक्शनल एमआरआयवरून "यांना हा व्यायाम द्या, तो नको" असं ठरवण्याची रीत रोजच्या दवाखान्यात आलेली नाही. आपल्याकडे ही तपासणी मुख्यत्वे मेंदूतल्या गाठीच्या किंवा फिटच्या शस्त्रक्रियेआधी करतात, भाषेचा आणि हालचालीचा भाग कापला जाऊ नये म्हणून. लकव्यानंतरच्या पुनर्वसनासाठी कोणी ती सुचवली, तर एकच प्रश्न विचारा: "हे चित्र असं आलं तर उपचार कोणता आणि तसं आलं तर कोणता?" उत्तर दोन्हीकडे सारखंच असेल तर पैसे खिशात ठेवा. मी हाच प्रश्न काकांच्या दुसऱ्या एमआरआयच्या बाबतीत विचारला. उशीर झाला होता, पण उत्तर मिळालं: "तसा काही फरक पडणार नव्हता." ते सेंटर कुणी सुचवलं आणि का, यात मी शिरत नाही. कट प्रॅक्टिस हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

पुन्हा एमआरआय कधी काढावा? नवी लक्षणं आली, फिट आली, शुद्ध हरपली, चांगला सुधारलेला माणूस अचानक मागे गेला तर लगेच. "सहा महिने झाले, बघू सुधारणा किती" यासाठी नको. सुधारणा ताटात दिसते.

तपासणी कोणतीही असो, फिल्मसोबत सीडी किंवा डाउनलोडची लिंक मागून घ्या. मूळ चित्रं हातात असली की दुसऱ्या डॉक्टरला पुन्हा तपासणी सांगायचं कारण उरत नाही. आमच्याकडे पहिल्या एमआरआयची सीडी नव्हती. दुसरा इतक्या सहज निघाला तो त्यामुळेही.

दहा रुपयांची तपासणी

निग्लेक्ट पकडायची खरी हत्यारं पेन्सिल आणि कागद. कोऱ्या कागदावर वीतभर आडवी रेघ मारा आणि तिचा मध्य दाखवायला सांगा. निग्लेक्ट असलेला माणूस खूण बरीच उजवीकडे करतो. कागदभर छोट्या तिरक्या रेघा विखरून काढा आणि एकूण एक रेघ खोडायला सांगा. डावीकडच्या तशाच राहतात. घड्याळाची तबकडी काढायला दिली तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसतात. तारे खोडायची, घंटा शोधायची अशा प्रमाणित चाचण्याही आहेत. कागद रुग्णाच्या बरोबर समोर ठेवा आणि बोटाने इशारे करू नका, एवढं पथ्य पाळलंत तर घरची चाचणीही डॉक्टरांना दाखवण्याजोगी होते. तारीख घालून कागद जपून ठेवा. पुढे हाच तुमचा आलेख.

कागदावर पास आणि घरात नापास, असंही होतं. कागद शांत असतो, स्वयंपाकघर शांत नसतं. म्हणून कॅथरिन बर्जेगो यांच्या नावाची दहा प्रश्नांची पट्टी वापरतात. दाढी अर्धी राहते का, डावी बाही घालायची राहते का, ताटातलं डावीकडचं सुटतं का, चालताना डावीकडच्या चौकटीला धडकतात का, हाक आली की तिकडे वळतात का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. घरच्यांनी आठवडाभर नुसतं पाहायचं.

तज्ज्ञांकडून पद्धतशीर तपासणी हवी असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टची पहिली भेट सहाशे ते दीड हजारांत होते. न्यूरोसायकॉलॉजिस्टची संपूर्ण चाचणी तीन ते आठ हजार. दुसरी सगळ्यांना लागत नाही. नोकरीवर परतायचं आहे, दुकान सांभाळायचं आहे, अशांनी करावी. डोळ्यांच्या दवाखान्यातली दृष्टिक्षेत्राची चाचणी, पेरिमेट्री, पाचशे ते दीड हजारांची, मात्र करून घ्याच. झटक्याने डावं अर्धं दृष्टिक्षेत्रच गेलेलं असू शकतं, आणि तो वेगळा आजार आहे. दृष्टिक्षेत्र गेलेला माणूस थोड्याच दिवसांत मान वळवून भरपाई करायला शिकतो, निग्लेक्टवाला वळवत नाही. दोन्ही एकत्रही असतात, तेव्हा थेरपीची आखणी बदलते.

पैसे घालायचे ते तासांवर

उपचारांबाबत आधी कडू भाग सांगते. कोक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यात निग्लेक्टवरच्या उपचारांचे ६५ प्रयोग तपासले गेले, जवळपास दोन हजार रुग्णांचे. निष्कर्ष असा की कोणत्याही एका पद्धतीचा रोजच्या जगण्यावर टिकाऊ फायदा होतो, असं खात्रीने म्हणता येत नाही. याचा अर्थ थेरपी करू नये असा नाही. आढावा घेणारेही पुनर्वसन थांबवा म्हणत नाहीत. अर्थ एवढाच की "हमखास बरे करू" म्हणणाऱ्या पॅकेजपासून चार हात लांब राहा. दुसरं, निग्लेक्ट पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच जणांत आपोआपही कमी होतं. झटक्यानंतर महिन्याभरात सुरू केलेलं लाखाचं पॅकेज त्या सुधारणेचं श्रेय अलगद खिशात घालतं.

प्रत्यक्षात काय करतात? सर्वांत जुनी आणि साधी पद्धत म्हणजे डावीकडे शोधत जायची सवय लावणं. पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि ती दिसल्याशिवाय ओळ वाचायची नाही. ताटाच्या डाव्या काठालाही तीच. विजेच्या दुकानातली लाल टेप वीस-तीस रुपयांची. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हीच युक्ती पायरीपायरीने अवघड करत नेतो. आधी टेबलावर, मग कपाटात, मग किराणा दुकानाच्या फळीवर.

थेरपिस्टचे दर केंद्रात पाचशे ते हजार, घरी येऊन सातशे ते दीड हजार, तालुक्याच्या ठिकाणी त्याहून कमी. आठवड्यातून तीन दिवस, सातशे रुपये, बारा आठवडे म्हणजे ३६ भेटी आणि २५,२०० रुपये. रोज भेटी हव्यात असा आग्रह झाला तर विचारा की मधल्या दिवसांचा गृहपाठ घरच्यांना शिकवाल का. शिकवतो म्हणणारा थेरपिस्ट चांगला. दाराआड उपचार करून "तुम्ही बाहेर बसा" म्हणणारा बदलावा. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे कागदोपत्री व्यवसायोपचार. या नावामुळे लोकांना वाटतं, नोकरी लावून देतात की काय. या विषयाची भारतातली पहिली शाळा मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी सुरू केली. अमेरिकेत जन्मलेली, निंबकरांच्या घरात सून म्हणून आलेली ही बाई नसती, तर आज आपल्या गावात हा थेरपिस्ट शोधावाही लागला नसता, कारण तो असतो हेच कुणाला माहीत नसतं. फिजिओ गावोगाव मिळतो, हा मिळत नाही. तेव्हा फिजिओलाच निग्लेक्टबद्दल विचारा. पुष्कळांना माहीत असतं, सांगितल्याशिवाय ते त्यात पडत नाहीत इतकंच.

आरसा. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण याचा चांगला प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जयराज पांडियन आणि सहकाऱ्यांनी थॅलॅमस किंवा पॅरायटल भागात झटका आलेले, निग्लेक्ट असलेले ४८ रुग्ण घेतले आणि २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. टेबलावर दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा, आरशाचं तोंड चांगल्या हाताकडे. रुग्ण उजव्या हाताची हालचाल करतो आणि आरशात बघतो. दिसतो तो डावा हात, हलणारा. रोज एक ते दोन तास, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. हातापायांच्या हालचालींची थेरपी दोन्ही गटांना दिली, आरसा फक्त एकाला. आरसावाल्यांची तारे खोडण्यात, रेघ दुभागण्यात आणि चित्रं ओळखण्यात जास्त सुधारणा झाली आणि ती सहा महिन्यांनंतरच्या तपासणीतही दिसली. प्रयोग लहान आणि एकाच रुग्णालयातला, हे खरं. पण खर्च बघा. काचेच्या दुकानात दीड बाय दोन फुटांचा आरसा, कडा घासून, तीन ते सातशे रुपये. काकूंनी तोही आणला नाही, जुन्या कपाटाचाच काढला. मागे पाटाचा आधार. पहिले दोन दिवस थेरपिस्टने बसवून दाखवलं, पुढे काकू आणि रेडिओ.

प्रिझमचे चष्मे. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या रोसेटी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जग दहा अंश उजवीकडे सरकवणारा चष्मा घालून रुग्णाने पन्नासेक वेळा समोरच्या खुणेकडे बोट नेलं, तर चष्मा काढल्यावर हात आणि लक्ष दोन्ही काही काळ डावीकडे झुकतात. कल्पना देखणी, पण नंतरच्या प्रयोगांत कधी फायदा दिसला, कधी नाही. थेरपिस्टकडे चष्मा असेल तर दहा-बारा बैठका करून पाहायला हरकत नाही. स्वतःसाठी काही हजारांचा बनवून घेऊ नका. तो दिवसभर घालायचा नसतो. नेहमीच्या नंबरच्या चष्म्यासारखा घालून बसलेले रुग्ण असतात, म्हणून मुद्दाम सांगते.

चुंबकीय उत्तेजन, म्हणजे टीएमएस, एका बैठकीचे हजार ते तीन हजार, आणि बैठका दहा-वीस सांगतात. धडधाकट डावा मेंदू वरचढ होऊन बसतो, त्याला थोडं दाबायचं, ही यामागची कल्पना. वर सांगितलेल्या तोल ढळण्याच्या चित्रांशी ती जुळते आणि छोट्या प्रयोगांत आशादायक निकाल आहेत. पण वीस बैठकांचे चाळीस हजार देण्याआधी त्याच चाळीस हजारांत थेरपिस्टच्या सत्तावन्न भेटी होतात, हे लक्षात ठेवा. फिट येण्याचा इतिहास असेल किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल, तर आधीच सांगा. आभासी जगाचे गॉगल, टॅबलेटवरचे खेळ वगैरे कंटाळा घालवायला ठीक.

फुकटच्या गोष्टींची ताकद मात्र कमी लेखू नका. पाहुण्यांना डावीकडे बसवा, टीव्ही हळूहळू डावीकडे सरकवा, हाक डावीकडून मारा. पण पाण्याचा तांब्या, बेल आणि मोबाइल पहिल्या दिवसांत उजवीकडेच. थेरपी म्हणून माणसाला तहानलेला ठेवायचं नसतं. डावा हात खुर्चीच्या चाकात, दाराच्या फटीत, गरम भांड्याखाली जातो आणि रुग्णाला पत्ता नसतो. त्यावर नजर ठेवायला माणूस लागतो आणि खरा खर्च तिथे आहे. ब्यूरोकडून चोवीस तासांचा माणूस घेतला तर दिवसाला आठशे ते दीड हजार, महिन्याला चोवीस ते पंचेचाळीस हजार. तीन महिन्यांच्या सगळ्या थेरपीपेक्षा एका महिन्याचा हा आकडा मोठा असू शकतो. निग्लेक्ट जितकं कमी, तितका हा माणूस लवकर सुटतो. थेरपीचा हिशेब या बाजूने मांडा.

आणि स्कूटर नाही. आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या कडेने चालतं, पादचारी, सायकली, थांबणारी रिक्षा, सगळं डावीकडे. काका "मी आता ठणठणीत आहे" म्हणाले, त्या दिवशी आम्ही किल्ली लपवली. तपासणीत डॉक्टरांनी स्पष्ट होकार देईपर्यंत ती लपलेलीच राहू दे.

कोण पैसे देतं, कोण देत नाही

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. दाखल असतानाचे मंजूर उपचार त्यात बसतात, घरी येणारा थेरपिस्ट नाही. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, दाखल होतानाच त्याला गाठा. हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड सोबत ठेवा आणि बिल झाल्यावर नाही, दाखल करतानाच अर्ज द्या.

मुंबईत सर्वांत स्वस्त आणि चांगली वाट म्हणजे हाजी अलीची केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्युपेशनल थेरपीचे स्वतंत्र विभाग आहेत. ओपीडीचा खर्च तिथे नाममात्र, पण रांग आणि प्रवास धरून चाला. आठवड्यातून एकदा तिथे दाखवायचं, गृहपाठ घ्यायचा आणि बाकीचे दिवस घरी करायचा, असा मेळ अनेक घरांना परवडतो.

खासगी मेडिक्लेमची पॉलिसी हातात घ्या आणि तिच्यातली दोन कलमं शोधा. सगळ्या कंपन्यांना ती एकाच क्रमांकाने छापावी लागतात. कोड ईएक्ससीएल ०४: केवळ तपासणीसाठी दाखल झालात तर पैसे नाहीत. "एक दिवस ॲडमिट दाखवू, एमआरआय मेडिक्लेममधून होईल" असं कुणी सुचवलं तर दावा याच कलमावर पडतो. कोड ईएक्ससीएल ०५: विश्रांती, पुनर्वसन आणि नुसती देखभाल यांसाठीची भरती बाहेर. म्हणजे रिहॅब सेंटरचं महिनाभराचं बिल बहुधा तुमच्याच खिशातून. पण रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च पुष्कळ पॉलिसींत साठ दिवसांपर्यंत मिळतो, आणि फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपी त्यात बसू शकते. अट एकच, डिस्चार्ज कार्डवर डॉक्टरांनी ती लिहिलेली हवी. किती आठवडे, आठवड्यातून किती वेळा, हेही लिहून घ्या आणि "डाव्या बाजूचं निग्लेक्ट" हे शब्दही. आमच्या कार्डावर नुसतं "फिजिओ चालू ठेवा" होतं. नंतर दुरुस्त पत्र आणायला साताऱ्याहून दोन खेपा झाल्या.

अपंगत्वाचा दाखला निग्लेक्टला स्वतंत्र मिळत नाही. हातापायाचा लकवा उरला असेल, तर त्या नावाखाली स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. जिल्हा रुग्णालयात तपासणीला बोलावतील तेव्हा सोबतच्या माणसाने रुग्णाच्या डावीकडे बसावं आणि आपल्या कागदांची फाइल उजवीकडे ठेवावी. काकांनी तिथे सही केली ती कागदाच्या अगदी उजव्या कडेला, अर्धी टेबलावर. कारकुनाने निमूटपणे दुसरा फॉर्म दिला आणि या वेळी सहीच्या रकान्याच्या डावीकडे लाल पेनाने फुली मारली.